सपाट रेघ

बोल्ट ढिले होईपर्यंत पंप हादरत होता आणि स्क्रीनवरची रेघ मात्र सपाट होती. मशीनची कंपनं तपासायला बाहेरून बोलावलेल्या इंजिनिअरबाईंना तासाभरात घोळ सापडला.

"साहेब, तुमचा सेन्सर पंपाच्या दर फेरीत एकदाच बघतो, तेही ठरलेल्या क्षणी, पंप नेमका त्याच जागी आलेला असताना. मग त्याला पंप जागचा हललेला दिसणारच कसा? मोजण्या कमी असल्या तरी चालतील, पण वेळा विस्कटून घ्या. खरी थरथर आपोआप हाती लागेल."

"एवढंच होय!" मॅनेजर म्हणाले.

काम लवकर आटोपलं. तिच्या बाबांचं घर परतीच्या वाटेवरच होतं. आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. दर रविवारी सकाळी दहाला दोघांचा व्हिडिओ कॉल व्हायचा. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, आणि तेच वाक्य: "मी ठणठणीत आहे गं, माझी काळजी सोड." ती सोडायची, पुढच्या रविवारपर्यंत.

आज बुधवार होता. तिने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. भरदुपारी पडदे ओढलेले होते, सिंकमध्ये भांडी तुंबली होती. बाबा मळक्या बनियनवर, वाढलेल्या दाढीनिशी, भिंतीकडे तोंड करून बसले होते. आईचा स्वेटर मांडीवर होता.

"बाबा..."

ते दचकून उठले आणि खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट घाईघाईने अंगात चढवू लागले.



"अगं, आज रविवार आहे का?"