धुतलेला फोटो

सीटी स्कॅन करताना एक्स-रे किरण कमी सोडले, की फोटोवर खोटे ठिपके उमटतात. ते पुसून फोटो लख्ख करणारा प्रोग्राम त्याने लिहिला होता, आणि घरादाराचे कान किटेपर्यंत त्याचं कौतुक सांगितलं होतं. "घरात कपावरचा चहाचा डाग निघत नाही यांच्याने," बायको म्हणायची, "आणि म्हणे फोटो धुतात!"

आज डॉक्टरांच्या पडद्यावर तिच्याच छातीचा फोटो होता. दोनदा खोकल्यातून रक्त पडलं होतं.

"ताई, आरशासारखं स्वच्छ आहे सगळं," डॉक्टर हसले. "एक ठिपकासुद्धा नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. सोबत आलेल्या सासूबाईंनी पदराने डोळे टिपले.

त्याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्याच प्रोग्रामचं नाव होतं. तिळाएवढा ठिपका दिसला तर तो कचरा समजायचा आणि पुसून टाकायचा, हे त्यानेच त्याला शिकवलं होतं.

"अहो, आता तरी हसा की!" बायकोने त्याचा हात दाबला.



"डॉक्टर," तो पडद्याजवळ सरकत म्हणाला, "धुण्याआधीचा फोटो दाखवता?"