दुसऱ्या गटातली माणसं

"आकडे उलटे आलेत, सर," ती म्हणाली. "असं व्हायला नको होतं."

सरांनी कागद हातात घेतले नाहीत. ते खिडकीबाहेर बघत होते. "आलेत तसे लिही."

"पण का आले, ते समिती विचारणार."

"माहीत नाही म्हणून लिही."

तिला रडू फुटायचंच बाकी होतं. सामाजिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी तिने जोडीदार गेलेल्या वयस्कर माणसांचे दोन गट केले होते. पहिल्या गटातल्या प्रत्येकाकडे ती दर आठवड्याला जायची, बसायची, त्यांचं ऐकून घ्यायची. दुसऱ्या गटाकडे मात्र जायचं नाही. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारायचे आणि कोणाचा एकटेपणा किती कमी झाला ते बघायचं. पहिला गट सुधारणार, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. झालं भलतंच. पहिला गट होता तिथेच राहिला, आणि ज्यांच्याकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं ती माणसं उठून कामाला लागली होती.

मुदत आधीच वाढवून झाली होती. आता समितीने साफ सांगितलं होतं, कारण द्या, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की आरोग्य केंद्रातली जागाही गेली, कारण पदवी मिळेल या बोलीवरच तिला तिथे ठेवून घेतलं होतं. घरी तर सोयच नव्हती. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून एकट्या माणसांचा अभ्यास करते. म्हणून तर आम्ही घरात एकटे असतो."

"मी दुसऱ्या गटाला परत भेटून येते, सर. कोणीतरी त्यांच्याकडे जात असणार. एखादी संस्था, नाहीतर शेजारीपाजारी."

"जायचं नाही."

"आता मोजणी संपलीये. गेले तर काय बिघडतं?"

"सुरुवातीलाच सांगितलं होतं, त्या गटात कोणाला काही झालं तर मी बघेन. तू त्यांच्या वाटेला जाऊ नकोस."

आवाज चढला नव्हता, तरी तिने कागद आवरले आणि उठली.

बाहेर कारकूनबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "त्यांच्याकडून मायेची अपेक्षा करू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "गेल्या वर्षी बायको गेली, तर त्याच आठवड्यात तोंडी परीक्षा घ्यायला हजर. डोळ्यात टिपूस नाही. दगड आहे नुसता."

तिला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता निघाली. आधी निवृत्त शिक्षिकाबाईंकडे गेली. पहिल्या भेटीत या बाईंनी पडदेसुद्धा उघडले नव्हते. आज त्या पिशवी घेऊन बाहेर पडायच्या बेतात होत्या.

"तुमच्याकडे कोणी येतं का, बाई? धीर द्यायला?"

"मला धीर द्यायला? कोणी नाही गं." त्यांनी कुलूप हातात घेतलं. "आणि रागावू नकोस, पण उद्या माझा वार आहे. बाजार करायचाय."

कसला वार, हे विचारायचंही तिला सुचलं नाही. ती तशीच शिंपीकाकांचा जिना चढली. काकू गेल्यावर काकांनी मशीनवर चादर टाकली होती आणि दाढी करणं सोडलं होतं. आज मशीनवर निळं कापड होतं, गाल गुळगुळीत होते, आणि काका कांदा चिरत होते.

"काका, खरं सांगा. तुमची विचारपूस करायला कोण येतं? माझं सगळं यावर अडलंय."

"आमची विचारपूस कोण करतंय, पोरी. आणि केली तरी आम्हाला वेळ कुठाय?"

ती खाली बसली आणि रडायला लागली. काकांनी सुरी बाजूला ठेवली.

"कांदा मी चिरतोय आणि रडतेस तू," ते म्हणाले. तरी ती थांबेना, तेव्हा जवळ येऊन बसले. "आमच्याकडे पण एक आहे असाच. बायको गेली आणि पार ढासळला. बाहेर ताठ चालतो, कोणाला पत्ता लागू देत नाही. पहिल्यांदा आला तेव्हा दोन शब्द बोलला आणि इथेच, या उंबऱ्यावर बसून हमसाहमशी रडला. बिछान्यात तिची बाजू अजून मोकळी ठेवून झोपतो म्हणे. आता अशा माणसाला सोडायचं कसं?"

तिने डोळे पुसले. "मग?"

"मग काय. शिक्षिकाबाईंकडेही तेच करून आला होता. बाकीच्यांकडेही. मग आम्ही एकमेकांना शोधून काढलं आणि त्याचे वार वाटून घेतले. कोणी जेवू घालतं, कोणी फिरायला नेतं, मी शर्ट शिवतो. त्याच्यासमोर आपणच तोंड पाडून बसलो तर तो कोणाकडे बघणार? म्हणून दाढीबिढी करून बसावं लागतं."

कारण सापडलं होतं. या माणसांना भेटायला कोणी येत नव्हतं. ज्याला सांभाळावं असं कोणीतरी त्यांनाच मिळालं होतं. नोंदणी, केंद्रातली जागा, सगळं वाचणार होतं.

"काका, मला तो माणूस हवाय. त्याला समितीपुढे उभं केलं की माझं काम झालं. तो सांगेल ना, तुम्ही त्याला कसं सावरलं ते?"

"लाजेल बिचारा. कोणाला कळू देऊ नका म्हणून हात जोडलेत त्याने."

"मी हातापाया पडेन त्याच्या."

"पड बाई. आज माझाच वार आहे, येईलच एवढ्यात."

घंटा वाजली. काकांनी कांद्याचे हात दाखवले आणि मानेनेच दाराकडे खूण केली.

तिने पदराने तोंड पुसलं आणि दार उघडलं. धुतलेला रिकामा डबा हातात घेऊन सर उभे होते.