चंद्रोदयाची वेळ

"सोवळेबाई, तुम्हीही उपोषणाला?" शालन म्हणाली आणि आमचं सगळं पुरोगामी कॉलेज हसलं. माझं ठसठशीत कुंकू आणि उपवास हा तिथला रोजचा विनोद होता. पण सहानंतर मुलींनाही वाचनालयात बसू द्या, ही मागणी माझीही होती.

तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या पायरीवर मी एकटीच उरले. बाकीच्यांना भोवळ आली होती, किंवा बटाटेवडा आठवला होता.

प्राचार्य वार्ताहरांसमोर लिंबूपाणी घेऊन आले. "बरं, मुलींनी सातपर्यंत बसावं. सोड उपोषण."

"सर, आज संकष्टी आहे. चंद्रोदयाआधी काही घेत नाही."

"तो कधी?"

"आठ बावन्नला."

फोटोसाठी सगळे थांबले. वाचनालय उघडंच राहिलं, मुली आत वाचत बसल्या. शेवटी देव न मानणारी शालनच गच्चीवरून ओरडली, "दिसला गं, सोवळेबाई!"

पेला हातात घेऊन मी विचारलं, "मग रोजच नऊपर्यंत ना, सर?" कॅमेऱ्याकडे बघत ते हो म्हणाले.

आता पन्नास वर्षांनी सांगते, खरी संकष्टी दुसऱ्या दिवशी होती. तीही मी केली. त्या कॉलेजात पंचांग बघणारी मी एकटीच होते.