चटईखाली दोघंच

लोसाबाईंनी फळ्यावर चार शब्द लिहिले: पूर्वसूचना, प्रतीक, उपरोध, निवेदक. मग छापील पानं वाटली. यंदाच्या पाठ्यपुस्तकात चक्क आपल्या बाईंची कथा आली म्हणून बारावीचा वर्ग फुशारला होता. अख्ख्या सवाई बेटावर असा मान याआधी कुणाला मिळाला नव्हता.

"व्याख्या घोकून काही होत नाही," बाई म्हणाल्या. "कथेत बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. वाचा."

पुढच्या बाकावरची मुलगी वाचू लागली. पहाटेची वेळ. एक बाप मुलीला घेऊन परक्या अंगणात गुडघे टेकून बसतो. डोक्यावरून घरातली सगळ्यात जुनी, रेशमासारखी मऊ चटई पांघरलेली. त्याच्या गाडीखाली या घरचा थोरला मुलगा गेलेला असतो. आतल्यांनी येऊन चटई उचलली तर माफी, नाही तर दगड किंवा कोयता. वर्गातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी कधी तरी असं बसलेलं होतं, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

फुआतिनोने मात्र हातातलं पान पालथं घातलं. दोन वर्षांपूर्वी बापाला चिकटून ती अशीच बसली होती. समोरचं घर सेफोचं होतं, आणि सेफो आत्ता तिच्या मागच्याच बाकावर होता.

"बाई, पूर्वसूचना सापडली!" कोणी तरी ओरडलं. "सुरुवातीलाच मुलीच्या भावाच्या खिशात गाडीची किल्ली वाजते."

"शाब्बास. कशाची सूचना?"

"गाडी बाप चालवतच नव्हता. भाऊ चालवत होता. चटईखाली बाप मुलीला तेच सांगतो, आणि कुणाला बोलू नकोस म्हणून बजावतो."

"आणि उपरोध?"

"म्हातारी आजी बाहेर येते, चटई उचलते, बापाला पोटाशी धरून रडते. म्हणजे माफी भलत्यालाच!"

वर्ग हसला. चटई रीतीप्रमाणे म्हातारीच्या घरी राहिली, ती कशाचं प्रतीक, यावर वाद सुरू झाला. फुआतिनोच्या कानांत नुसता समुद्र गाजत होता. हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. बाईंच्या स्वयंपाकघरामागे नारळ खवताना ती अचानक रडायला लागली होती, आणि बाईंनी तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, "पोटातलं माझ्या ओठांवर यायचं नाही, बाळा." ओठांवर खरंच आलं नव्हतं. बाईंनी गावाचं नाव बदललं होतं. लाल गाडीची निळी केली होती. खवणी बाजूला ठेवून बाईंनी तिचे डोळे पुसले होते, ते तिला आठवलं आणि त्या हाताची तिला किळस आली.

सेफोने हात वर केला. तो वर्गात कधी तोंड उघडत नसे.

"बाई, एक कळलं नाही. चटईखाली दोघंच ना? बाप नि मुलगी?"

"हो."

"बाप तर मेला तरी बोलणार नाही. मग तो काय कुजबुजला, ते निवेदकाला कसं कळलं?"

बाईंचा चेहरा खुलला. "किती छान प्रश्न! हा सर्वज्ञ निवेदक. त्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं."

"असं कसं, बाई? कुणी सांगितल्याशिवाय कुणाला काही कळत नाही."

बाक करकरला. फुआतिनोने मागे पाहिलं नाही.

"निळी नव्हती ना गं गाडी?" सेफोने अगदी हळू विचारलं. "लाल होती."

तिने मान खाली घातली. त्यावरून त्याला जे कळायचं ते कळलं.

"तुझा भाऊ मिका सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला निघाला तेव्हा माझ्या आजीनं त्याला हार घातला. स्वतः ओवलेला. आणि त्यानं मान वाकवून घालून घेतला."

हे सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. "सेफो, अरे, ही कल्पित कथा आहे," त्या म्हणाल्या. "कथेतली माणसं खरी नसतात."

सेफोने पानांची घडी घातली आणि कमरेला खोचली. "आजीला दिसत नाही," तो म्हणाला. "वाचून दाखवतो." घंटेची वाट न पाहता तो निघाला. मैदान ओलांडून तो चर्चच्या बाजूने घराकडे वळला, तो सगळ्यांना खिडकीतून दिसत होता.

बाई लगबगीने फुआतिनोपाशी आल्या. "मी नावं बदलली होती गं," त्या कुजबुजल्या. "देवाशपथ, कुणाला ओळखू येईल असं वाटलं नव्हतं मला."

फुआतिनोने आपली पानं त्यांच्या हातात ठेवली.

"आमची चटई त्यांच्या घरी आहे, बाई," ती म्हणाली. "उद्या पहाटे तुमची घेऊन या."