बारा मैलांची हद्द

जर्मनीतल्या सागरी कायद्याच्या इंटर्नशिपसाठी हर्णैच्या दीक्षिताची ऑनलाइन मुलाखत चालू होती. समोरच्या बाईंनी विचारलं, “देशाची बारा सागरी मैलांची हद्द संपली, हे मच्छीमाराला कळतं कसं?”

हे तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “बाबांना विचारू?”

बाई हसून हो म्हणाल्या. पडवीत जाळं शिवणारे बाबा लॅपटॉपसमोर येऊन बसले. पाण्याचा रंग, प्रवाहाची ओढ, पुसट होत जाणारा डोंगर, सगळं ते मराठीत सांगत गेले, ती इंग्रजीत. वीस मिनिटांची मुलाखत तासभर चालली.

नंतर ती रडवेली झाली. “मला काहीच विचारलं नाही त्यांनी.”

आठवड्यानं तिच्या निवडीचं पत्र आलं. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि मला कधीपासून बोलावलंय?”