निळा घोटा

तेजश्रीने बाळाचा पाय पुढे केला. घोट्याभोवती निळं कडं उमटलं होतं. जन्मताच टोचलेल्या लशीमुळे आताच्या बाळांची कातडी शिसं किंवा निकेल लागताच अशी निळी पडे.

"काकी, काल तुम्हीच वाळे चढवलेत. खरं सांगा, चांदीत काय मिसळलंत?"

यशोदाकाकी हुपरीत चाळीस वर्षं बाळांचे वाळे घडवत होत्या. त्यांना संशय आला तो सांध्याचा धातू विकणाऱ्या व्यापाऱ्याचा. तेजश्रीने काढून आणलेले वाळे त्यांनी तपासणी यंत्रात ठेवले. हिरवा दिवा लागला; चांदी शुद्ध होती.

"यंत्रही तुमचंच," तेजश्री म्हणाली.

काकींना ते फार लागलं. तेवढ्यात बाळ रडू लागलं, म्हणून त्यांनी नकळत त्याचा इवला दंड हातात धरला. सोडला तेव्हा तिथे पाच निळी बोटं उमटली होती.

शिशावर बंदी येण्याआधीची पंचवीस वर्षं त्यांनी उघड्या हातांनी शिशाचे सांधे भरले होते. काकी भिंतीपर्यंत मागे सरल्या.

"ने त्याला, पोरी. माझ्यापासून लांब ने."

तेजश्रीने बाळाला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने काकींचा हात घट्ट धरला.

"तुम्हीही चला. आधी तुमचं रक्त तपासू."