तिसरा गियर

मिस्त्रीने बॉनेट धाडकन बंद केलं आणि अखेर हात टेकले.

करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं त्याने. कार्बोरेटर उघडून धुतला, प्लग बदलले, फिल्टर नवा घातला. चाकं उचलून फिरवून पाहिली, ब्रेक कुठे चिकटत नव्हते. टाकीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवला, त्यावर पेट्रोलचा एक डाग पडेल तर शपथ! आणि तरी काकांची ही जुनी लाल स्पोर्ट्स कार प्यायला बसली की टाकी कोरडी करूनच उठत होती.

"काका, एक विचारू? रागावू नका," मिस्त्री म्हणाला. "काल मी एकटा फिरवून आणली, तर लोण्यासारखी चालली. पेट्रोलही बेताचंच खाल्लं. तुमच्याच हातात हिला काय होतं?"

काका रुमालाने हेडलाइट पुसत होते. "मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही गाडी पाळलीय की हत्ती? या वेळी सुधारली नाही तर विकायची म्हणते. तिने विकायचं नाव काढलं की मी विषयच बदलतो हो. काहीतरी सापडू द्या, मिस्त्री. एखादा पार्ट खराब निघू द्या."

"चला, तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो."

"शेजारी?" काका क्षणभर घुटमळले. मग वाकून त्यांनी शेजारच्या सीटवरची छोटी उशी उचलली, दोन्ही हातांनी झटकली आणि मागच्या फटीत नीट उभी ठेवली. गाडी दोनच माणसांची. मिस्त्री गुडघे आवळून कसाबसा मावला.

गल्लीतून काकांनी गाडी झकास काढली. पहिला टाकला, वळणावर दुसरा. हात हलका, नजर पक्की. या वयात असं चालवणारा माणूस गाडीचं पेट्रोल उगाच जाळेल, हे मिस्त्रीला काही पटेना.

मोठा रस्ता लागला. गाडीने वेग घेतला, इंजिन ओरडायला लागलं. मिस्त्री वाट पाहत राहिला. मग त्याला राहवेना.

"काका, तिसरा टाका की!"

काकांनी क्लच दाबला. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते, नजर रस्त्यावर. गियर जागचा हलला नाही. त्यांनी क्लच सोडला आणि गाडी पुन्हा दुसऱ्यातच बोंबलत पुढे निघाली.

"अहो, काय करताय काय?"

"टाकला ना."

"नुसता क्लच दाबलात! गियर कोण टाकणार, माझा आजोबा?"

काकांनी मान वळवून गियरच्या दांड्याकडे पाहिलं. तो तिथे आहे हे त्यांना आत्ताच कळल्यासारखं पाहिलं. मग गाडी हळूहळू कडेला घेतली आणि थांबवली.

"पहिला, दुसरा माझा," ते म्हणाले. "मोठ्या रस्त्याला लागलं की पुढचे सगळे हिचे. लग्न झाल्यापासून. हिला चालवायची भारी भीती, पण हौसही तेवढीच. म्हणाली, निदान एवढं तरी माझ्याकडे द्या. मी क्लच दाबायचा, ही टाकायची. सांगावंसुद्धा लागायचं नाही. भांडण झालं की तोंड खिडकीकडे करून बसायची, पण हात बरोबर गियरवर."

मिस्त्रीने जीभ चावली. मागची उशी त्याच्या खांद्याला लागत होती. तो थोडा पुढे सरकून बसला.

"काकू कधी...?"

"वर्ष होत आलं." काकांनी स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. "मला वाटलं, गाडीच बिघडली."

इंजिनाबद्दल विचारलं असतं तर मिस्त्री तासभर बोलला असता. इथे त्याने नुसता आपला हात दांड्यावर ठेवला. "चला काका. तुम्ही दाबा, मी टाकतो. गॅरेजपर्यंत तरी."

"नको," काका पटकन म्हणाले. "तुम्ही नको."

त्यांनी गाडी रस्त्यावर आणली. पहिला. दुसरा. इंजिन ओरडायला लागलं तसा त्यांनी क्लच दाबला, हात स्टिअरिंगवरून उचलला आणि दांड्याच्या वीतभर वर धरला. तिथे आधीच कुणाचा हात असावा, तसा. मग एकदम खाली नेला आणि दांडा मुठीत धरला.

तिसरा पडला. पुढे चौथाही पडला. गाडी इतकी शांत झाली की काकांचा हुंदका मिस्त्रीला स्वच्छ ऐकू आला. तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

गॅरेजमध्ये परतल्यावर काकांनी इंजिन बंद केलं. उतरले, मागून उशी काढून काखेत घेतली आणि किल्ली मिस्त्रीच्या हातावर ठेवली.

"मुलीला फोन करून सांगा, गाडीत काही दोष नाही. विकायला हरकत नाही म्हणावं."

"अहो काका, असं काय करता!" मिस्त्री कळवळून म्हणाला. "आत्ता कुठे सुधारली. आता तर एकट्यानेही आरामात चालवता येईल तुम्हाला."

"हो ना," काका म्हणाले. "म्हणूनच."

आणि उशी सावरत ते पायीच घराकडे निघाले.